मास्तरांनी सोडलेली कोरी जागा

मास्तरांना मी फसवलं. एकदा त्यांच्या चित्राच्या बाबतीत आणि एकदा त्यांच्या बापाच्या बाबतीत. दोन्ही वेळा ते माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसले होते आणि दोन्ही वेळा त्यांनी माझा शब्द खरा धरला. पहिल्या फसवणुकीत माझ्यासोबत हिंगोलीतल्या एका मंगल कार्यालयाचे मालक होते आणि बोर्ड रंगवणारा एक पेंटर होता. दुसरी माझी एकट्याची.

मी काचवाला. फोटो फ्रेमचं दुकान. सुरुवात जवळा बाजारच्या आठवडी बाजारात केली, सायकलच्या कॅरिअरला देवांच्या तसबिरी बांधून. आज हिंगोलीत माझं पक्कं दुकान आहे आणि ते मला कोणी दिलेलं नाही. माझा स्वभाव तापट आहे, हे बाजारातली लहान पोरंही सांगतील. भाव करताना समोरचा अडून बसला की मला बरं वाटतं. तो ओढतो, मी ओढतो आणि मधे कुठंतरी खरी गोष्ट हाती लागते. मास्तरांनी कधी ओढलंच नाही. माझी त्यांच्याबद्दलची तक्रार हीच होती आणि ते गेल्यावरही ती गेलेली नाही.

ते पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चित्र होतं. फ्रेमचा भाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, दुकानात ऊन कोणत्या बाजूनं येतं. मला वाटलं, वास्तूवाले आहेत. मग म्हणाले, काच कागदाला टेकू द्यायची नाही, मधे पुठ्ठ्याची चौकट घाला. मी म्हणालो, त्याचे जास्त पडतील. ते म्हणाले, "पडू द्या." एवढ्यावर सौदा संपला. मला दिवसभर चुकल्या-चुकल्यासारखं वाटत राहिलं.

ते शाळेत चित्रकला शिकवायचे. मूळचे शिरड शहापूरकडचे, घर मेंढरांमागं फिरणारं. शाळेत जायच्या आधी ते मेंढरांमागं होते आणि तिथंच चित्र काढायला शिकले. कागद नव्हता, रंग नव्हता. बाभळीच्या काडीला बकऱ्याचे केस दोऱ्यानं बांधायचे, तांब्यातल्या पाण्यात बुडवायचे आणि काळ्या खडकावर मेंढी काढायची. दुपारी खडक तापलेला. शेपटीपर्यंत पोचेस्तोवर मेंढीचं डोकं वाळून गेलेलं असायचं. "त्यानं हात चालायला लागला," ते सांगायचे. "अन् एक समजलं. गेलं तर रडत बसायचं न्हाई, खडक हायेच." पुढं एका गुरुजींनी ती ओली मेंढी वाळायच्या आत पाहिली आणि पोरगं शाळेत घातलं. मास्तर मग औरंगाबादेत चित्रकला शिकून आले. तिथं त्यांना तेलरंग शिकवला, पण तो त्यांना मानवला नाही. तेलरंगात चूक झाकता येते, म्हणून हात आळशी होतो, असं त्यांचं मत.

पाण्याच्या बाबतीत ते पक्के हट्टी होते. हिंगोलीतलं बोअरचं पाणी जड, त्यानं चित्रातल्या आभाळावर क्षारांची पांढरी खर बसते, म्हणून रंगाचं पाणी गावाकडच्या एका विहिरीवरून आणायचे. एसटीत मांडीवर पाच लिटरचा कॅन. कंडक्टर थट्टेनं विचारायचा, मास्तर, तूप आणलं का. ते गंभीरपणे सांगायचे की पाणी आहे आणि तुपापेक्षा महाग पडतं. कुठंही गेले की पाण्याचा घोट तोंडात घोळवायचे. एकदा माझ्या घरी आले. बायकोनं माठातलं थंड पाणी दिलं. त्यांनी घोट फिरवला, गिळला आणि म्हणाले, "पिण्यापुरतं ठीक हाय." बायको त्यानंतर आठ दिवस मला त्यांच्यावरून बोलत होती.

उन्हाळ्यात कागद लवकर वाळतो म्हणून मे महिन्यात ते घरच्या न्हाणीत बसून चित्र काढायचे. दाराला ओलं गोणपाट, डोक्यावर ओला टॉवेल, मांडीवर फळी. घरातल्या माणसांनी आंघोळी पहाटे उरकून घ्यायच्या. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, बाहेरून ओरडायच्या, "झालं का तुमचं आभाळ? भांडी घासायची हायेत." आतून उत्तर यायचं, आभाळ ओलं आहे.

शाळेत तर वेगळीच तऱ्हा. चित्रकलेचा तास, पोरांच्या वह्या बंद, पेन्सिली खाली, आणि सगळा वर्ग खिडकीतून कडुनिंबाकडं बघतोय. पाऊण तास. हेडमास्तरांनी एकदा येऊन विचारलं, हे काय चाललंय. मास्तर म्हणाले, "चित्र काढून राहिलेत. हात पुढच्या तासाला लावतील."

रंगांच्या पेटीतली पांढरी नळी ते कधी वापरत नसत. पेटी आणली की पांढरी काढून कोणाला तरी देऊन टाकायची. मलाही एकदा दिली, दाराच्या चौकटीला लावा म्हणून. चित्रात जे पांढरं दिसायचं ते पांढरं लावलेलं नसायचं, ती कागदाची सोडलेली जागा असायची. बगळा असेल तर बगळ्याभोवती रंग, बगळ्यावर काही नाही. मी एकदा गंमत म्हणून म्हणालो, मास्तर, निम्मा कागद तर कोराच ठेवता, निम्मेच पैसे घ्या. ते हसले नाहीत. म्हणाले, "काचवाले, लावणं सोपं हाय. कुठं लावायचं न्हाई हे समजायला माझी वीस वर्षं गेली." आणि लावलेल्या रंगाला दुसऱ्यांदा हात नाही. बिघडलं तर बिघडलं. बिघडलेली चित्रं फाडायचेही नाहीत, पाठकोरा कागद म्हणून पोरांना वाटायचे.

माझ्या धंद्याला त्यांनी वैताग आणला तो भिंतींवरून. माझ्या दुकानात त्यांची चार-दोन चित्रं लावलेली असायची. गिऱ्हाईक मी गाठायचं, भाव मी ठरवायचा आणि सौदा पक्का झाला की मास्तर म्हणायचे, आधी भिंत दाखवा. खरोखर त्या माणसाच्या घरी जायचे. कोणत्या खिडकीतून ऊन येतं ते बघायचे, भिंतीला तळहात लावायचे. ऊन येत असेल तर चित्र नाही. पाण्याचा रंग उन्हात उडतो, पाच-सात वर्षांत नुसता डाग राहतो. मी चिडून म्हणायचो, पैसे तर तुम्हाला आज मिळणार आहेत ना? यावर ते माझ्याकडं असं बघायचे, जणू मी परक्या भाषेत बोललो.

त्या वर्षी एका माणसानं गावाबाहेर मोठं मंगल कार्यालय बांधलं. मी त्याला कार्यालयवाले म्हणतो. माणूस पैसेवाला आणि गोडबोल्या. त्याला हॉलसाठी गावाकडची चित्रं हवी होती, आणि सगळ्या खोल्यांच्या तसबिरींचं काम तो मला देणार होता. एवढं मोठं काम मला आयुष्यात आलं नव्हतं. मी मास्तरांना हातापाया पडून तिथं नेलं. दुपारची वेळ. मास्तरांनी पश्चिमेच्या भिंतीला हात लावला, लगेच काढला आणि म्हणाले, "भित तापती. न्हाई." कार्यालयवाल्यासमोर, त्याच्या चार माणसांसमोर. आणि चालत निघाले. कार्यालयवाला मला म्हणाला, तुमच्या मास्तरांना भिंतीला ताप आला की औषध द्यायची सवय आहे का? सगळे हसले. मीही हसलो, पण त्या हसण्याचा राग माझ्या डोक्यात बसला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मास्तर एक चित्र घेऊन आले. विकायला नाही, फक्त काच बसवायला. त्यांच्या घरात जेवायच्या जागेवर एक भिंत होती, तिला कधी ऊन लागत नव्हतं. तिथं लावायचं होतं.

ते चित्र मी विसरणार नाही. संध्याकाळची धूळ, सगळी तांबूस. तिच्यातून काळी मेंढरं येतायत, एकात एक मिसळलेली, ओल्या रंगात ओला रंग सोडलेला. आणि मेंढरांच्या मागं एक माणूस, काठी दोन्ही खांद्यांवर आडवी घेऊन, तिच्यावर हात टाकून उभा. धोतर, बंडी, पटका. सगळं पांढरं, म्हणजे सगळं कोरं. पटक्याखाली चेहऱ्याच्या जागीही नुसता कागद. त्या माणसावर ब्रश लागलेलाच नव्हता. तरी तो तिथं होता, आणि चित्रात सगळ्यात जास्त तोच होता. मी विचारलं, कोण हो? ते म्हणाले, "आमचा बाप."

चित्र टेबलावर असताना कार्यालयवाला आला. त्याला तेच हवं झालं. मी सांगितलं की हे विकाऊ नाही. तो म्हणाला, तसबिरींचं काम मग परभणीच्या माणसाला देतो. मला त्याचा राग यायला हवा होता. मला राग आला मास्तरांचा. यांच्या भिंतीपायी मी कितीदा तोंडघशी पडायचं, असं मनात आलं आणि मी चित्र त्याला विकून टाकलं.

भादव्यात दोन दिवस जोराचा पाऊस झाला होता आणि दुकानात घोट्याएवढं पाणी शिरलं होतं, एवढं खरं होतं. मास्तर आले तेव्हा मी सांगितलं की चित्र खाली ठेवलं होतं, पाण्यात गेलं, लगदा झाला, फेकून दिलं. मी भांडणाच्या तयारीत होतो. ओरडतील, नुकसानभरपाई मागतील, लगदा दाखवा म्हणतील. मग मीही ओरडलो असतो आणि त्या ओरडण्यात कदाचित खरं निघून गेलं असतं. मास्तर स्टुलावर बसले. वाकून जमिनीवरच्या ओलीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "पाण्याचंच होतं." आणि मला विचारलं, "तुमचं किती नुकसान झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सदरा खोचून हजर. दोन दिवस माझ्या दुकानात बसून भिजलेल्या काचा एकेक करून कोरड्या फडक्यानं पुसल्या. मी नको म्हणालो तर म्हणाले, तुम्ही कापायचं काम करा, हे माझ्यानं होतं.

तिकडं कार्यालयवाल्यानं चित्र हॉलमध्ये लावलं, त्याच पश्चिमेच्या भिंतीवर. आठ दिवसांत त्याचा फोन आला. चित्र अर्धवट आहे, माणूस रंगवायचा राहिलाय, पाहुणे विचारतात. मी त्याला मास्तरांचं म्हणणं सांगू शकत होतो. कुठं लावायचं नाही ते समजायला वीस वर्षं लागतात, हे त्या गावात माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मी पेंटरला पाठवलं.

पेंटर दुकानांचे बोर्ड आणि भिंतीवरच्या जाहिराती रंगवायचा. त्यानं डब्यातला ऑइल पेंट घेतला. पटका लाल केला, धोतराला किनार दिली आणि चेहऱ्याच्या जागी चेहरा काढला. पिळदार मिशी, टपोरे डोळे, गालावर लाली. त्याला एकच चेहरा येतो. पेंडीच्या दुकानावर तोच, गिरणीवर तोच, जवळा बाजारच्या रस्त्यावर खताच्या जाहिरातीच्या भिंतीवर आजही तोच आहे. कागदात तेल मुरलं आणि चेहऱ्याभोवती पिवळं गोल कडं उमटलं. लोकांना वाटलं, तेज दाखवलंय. लग्नाला आलेल्या बाया त्या चित्राला हात जोडायला लागल्या.

वर्षभरानं मास्तरांच्या शाळेतल्या दुसऱ्या एका शिक्षकाच्या पोराचं लग्न तिथं होतं. मीही होतो. मास्तर हातात ताट घेऊन निघाले आणि चित्रासमोर थांबले. दोन पंगती उठल्या तरी ते ताट हातात घेऊन तिथंच. मी मागच्या दारानं निघून आलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना ते पायरीवर बसलेले. आत आले, स्टुलावर बसले. चित्र तिथं कसं गेलं, हे त्यांनी विचारलंच नाही. ते म्हणाले, "तोंड कोणी काढलं?"

मी म्हणालो, पेंटरनं. अर्धवट वाटत होतं म्हणून.

"अर्धवट न्हवतं. मला आठवत न्हवतं." मग हळूहळू म्हणाले, "मी सहा वर्षांचा असताना बाप गेला. फोटो न्हाई. पांढरं धोतर आठवतं, काठी आठवती. तोंड कितीबी जोर लावला तरी येत न्हाई. जेवढं होतं तेवढं काढलं." ते पुढं झुकले. "पेंटरनं माझ्या बापाला पाह्यलं होतं का?"

त्यांना राग नव्हता. ते खरोखर विचारत होते. त्यांच्या डोळ्यांत आशा होती. आजवर मी हजार माणसांच्या डोळ्यांत बघून भाव ठरवलाय, मला ती ओळखता येते. एका शब्दात सुटका होत होती. मी म्हणालो, "व्हय. त्याच्या वडलांनी पाह्यलं होतं. जवळा बाजारला, मेंढरांच्या बाजारात. त्यांनी सांगितलं तसं काढलं."

"मिशी होती?"

"होती म्हणे."

"अन् डोळे असे मोठे?"

"बराबर तसेच."

मास्तरांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. जाताना पायरीवर अडखळले.

त्यानंतर ते कार्यालयात जाऊ लागले. लग्न नसेल त्या दिवशी वॉचमनला सांगून आत जायचे, चित्रासमोर बसायचे. पोरीला नेऊन दाखवलं, हे तुझे आजोबा. घरी त्यांनी बापाचं चित्र पुन्हा काढायला घेतलं, आता चेहऱ्यासकट. एक झालं, दुसरं झालं. मला दाखवायला आणायचे. मिशी पिळदार, डोळे टपोरे. एका चित्रात मी पांढरा रंग पाहिला, धोतराच्या घडीवर, जाड बसलेला. ज्या माणसानं आयुष्यभर पांढरी नळी वाटून टाकली, त्यानं ती उघडली होती. चित्रं बोर्डासारखी दिसत होती. ते त्यांनाही दिसत असणार. एकदा म्हणाले, "पाणी आताशा ऐकत न्हाई, काचवाले." मी म्हणालो, वय झालं. ही तिसरी फसवणूक धरायची का, ते मला ठरवता येत नाही.

मागच्या वर्षी मास्तर गेले. तेराव्यानंतर त्यांची पोरगी दुकानात आली. परभणीला दवाखान्यात नर्स आहे. तिनं कार्यालयातल्या चित्राचा मोबाईलवर फोटो काढून त्यातला चेहरा मोठा करून आणला होता. म्हणाली, "काका, बाबांच्या शेजारी आजोबांचाबी फोटो लावायचा. चांगली फ्रेम करा. बाबा सांगायचे, तुमच्यामुळं आजोबा सापडले." मी काच कापली. माझ्या हातून काच सरळ कापली जात नाही असं तीस वर्षांत पहिल्यांदा झालं. तीन काचा फुटल्या. ती म्हणाली, तुम्हाला तकलीफ देऊन राहिले. मी फ्रेम करून दिली. काही सांगितलं नाही.

मग मी कार्यालयात गेलो. इतक्या वर्षांचं ऊन लागून चित्र उडालंय. धूळ गेली, मेंढरं गेली, जिथं काळा रंग होता तिथं राखाडी ओघळ आहेत. फक्त तो चेहरा आहे तसा आहे, लाल पटक्याखाली, पिवळ्या कड्यात, डोळे वटारून. मास्तरांनी काढलं ते गेलं आणि आम्ही काढलं ते राहिलं.

मी कार्यालयवाल्याला म्हणालो, चित्र परत द्या, काय हवं ते घ्या. तो म्हणाला, "त्यांची पोरगी येऊन हार घालून जाते. तुम्हाला काहून त्रास होऊन राहिला?" मी आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "विकलं कोणी?" तिथून मी पेंटरकडं गेलो आणि विचारलं, तो चेहरा कोणाचा. तो ब्रश धूत होता. म्हणाला, "कोणाचाच न्हाई. तुमी म्हणालात भरून टाक. मी भरलं." दोघंही खरं बोलले. त्यामुळं मला जास्त राग आला.

ताई, मी हे तुमच्यासाठी लिहिलंय. तुमच्या घरी बाबांच्या शेजारी जो माणूस लावलाय, तो तुमचा आजोबा नाही. तुमच्या आजोबांना पेंटरच्या बापानं कधी बघितलं नव्हतं. ते मी दुकानात, अर्ध्या मिनिटात, तुमच्या बाबांना गप्प करायला रचलं. तुमच्या बाबांनी आपल्या बापाची जेवढी आठवण होती तेवढीच प्रामाणिकपणे कागदावर ठेवली होती, आणि ती आम्ही तिघांनी मिळून बुजवली. मी माफी मागत नाही. माफी मागायला लागलो की मी तिचाही भाव करीन, मला माझा स्वभाव माहीत आहे. तुम्ही बाबांसारख्या गप्प बसू नका. दुकान नऊला उघडतं. या, भर बाजारात, चार माणसांसमोर उभ्या राहून मला जाब विचारा. येताना कार्यालयवाल्याला आणि पेंटरलाही ओढून आणा. पहिला जबाब मी देईन, पण ते दोघं तिथं नसतील तर मी एक शब्द बोलणार नाही.